बिहारमधल्या जयनगरहून नेपाळमधल्या जनकपूरला गाडीने पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

आधी ओळखपत्राचं बघा. बाकी सगळं निभावतं, पण आधार कार्डाच्या भरवशावर नेपाळ हद्दीत जाऊ नका. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, तेही मूळ, झेरॉक्स नको. या गाडीत फक्त भारतीय आणि नेपाळी नागरिकांनाच बसता येतं, त्यामुळे सोबत परदेशी पासपोर्टवाले भाऊ-वहिनी असतील तर त्यांच्यासाठी रस्त्याचा मार्ग बघा.

मुंबईहून पवन एक्सप्रेस थेट जयनगरला सोडते. दीड दिवस जातो, कंटाळा येतो, पण गाडी बदलायची कटकट नाही. नेपाळ रेल्वेचं स्टेशन आपल्या स्टेशनला लागूनच आहे. तिकीट मात्र वेगळं, आणि गाड्या मोजक्याच. वेळ आदल्या दिवशी तिथेच विचारून घ्या. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, हे विसरलात तर परतीची गाडी गेलीच म्हणून समजा.

१९३७ची ही छोटी गाडी २०१४ला बंद पडली. ब्रॉडगेज होऊन २०२२च्या एप्रिलमध्ये पुन्हा धावली. गंमत म्हणजे तिचे डेमू (डिझेलवर चालणारे) संच आपल्या कोकण रेल्वेने पुरवलेत! मला तर उगाच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

भारतीय शंभराच्या नोटा जवळ ठेवा. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी. विवाहपंचमीला, म्हणजे राम-सीतेच्या लग्नाच्या तिथीला, जनकपूरच्या जानकी मंदिरात तुफान गर्दी उसळते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर ते दिवस टाळाच.