दुधी, काकडी, भोपळा: सख्खे की चुलत?

प्रश्न: कोथरूडला आमच्या गच्चीवर काकडी, दुधी नि लाल भोपळा असे तिन्ही वेल चढवलेत, पानं बघून एकाच घरातले वाटतात, आहेत का?

उत्तर: हो, कूळ एकच, पण गावं वेगळी! काकडी आपलीच, तिचा कडू जंगली भाऊ हिमालयाच्या पायथ्याशी अजून उगवतो. दुधी आफ्रिकेचा, वाळला की पोकळ नि हलका, त्यामुळे समुद्रात महिनोन्‌महिने तरंगला तरी आतलं बी जिवंत राहतं, म्हणून तर कोलंबसच्या कितीतरी आधी तो अमेरिकेत होता. लाल भोपळा तिथलाच, इकडे आला १४९२ नंतर, आणि आता मंडईत असा बसतो जणू ज्ञानेश्वरांच्या काळापासून इथलाच. नात्यानं बघाल तर काकडीला खरबूज जवळचं आणि दुधीला चक्क कलिंगड.