वाचकांचे प्रश्न : भाड्याची खोली, करार आणि सरकारी मदत

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. हातात १४,००० रुपये येतात, घरात चार माणसं. कसबा बावड्यात ५,५०० रुपये भाड्यानं राहतो. मालक आता ६,५०० मागत आहेत. घरभाड्यासाठी सरकारकडून काही पैसे मिळतात का?

उत्तर : कुटुंबाच्या खात्यात दरमहा घरभाडं जमा करणारी सर्वसाधारण योजना आपल्याकडे नाही. 'फॉर्म भरून देतो, भाडं सुरू होईल' असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० सुरू झाली. तिच्या चार भागांपैकी एक परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा आहे, पण त्यातलं अनुदान घरं बांधणाऱ्याला किंवा चालवणाऱ्याला जातं. तसा प्रकल्प उभा राहिला आणि त्यात खोली मिळाली, तरच भाडेकरूला फायदा. महापालिकेत जाल तेव्हा 'योजना आहे का' असं मोघम विचारू नका. 'या योजनेतला भाड्याच्या घरांचा प्रकल्प कोल्हापुरात मंजूर आहे का' असं विचारा. बाकीचे तीन भाग मालकीच्या घरासाठी आहेत. तुमचं वर्षाचं उत्पन्न १,६८,००० रुपये, म्हणजे ३ लाखांच्या आत, त्यामुळे तुम्ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात बसता. अर्ज अडतो तो दुसऱ्याच अटीवर: नवरा, बायको किंवा अविवाहित मुलं, यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. गावाकडच्या वाटणीत तुमचं नाव लागलं आहे का, ते आधी बघून घ्या. म्हाडाच्या सोडतीसाठी कोल्हापूर जिल्हा पुणे मंडळात येतो, त्यामुळे जाहिराती त्या मंडळाच्या पाहायच्या.

हे सगळं लांबचं झालं. ६,५०० म्हणजे पगाराचा जवळजवळ निम्मा भाग, आणि तो पुढच्या महिन्यापासून द्यायचा आहे. म्हणून आधी खर्चाची बेरीज करा. नुसतं भाडं धरू नका. वीज, पाणी आणि कामावर जाण्यायेण्याचं पेट्रोल किंवा बसभाडं त्यात मिळवा. शिये, नागाव, टोप, शिरोली या बाजूला खोली मिळाली तर प्रवास वाचतो. मात्र नदीकडच्या भागात स्वस्त खोली दिसली की आधी पुराचं विचारायचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्या खोलीत किती चढलं, हे एजंटला विचारू नका, शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा. एकदा सामान भिजलं की वर्षभर वाचवलेलं भाडं एका आठवड्यात जातं.

विजेचा मीटर वेगळा आहे का, हेही बघा. दोन-तीन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असली की एकूण वापर १०० युनिटच्या वर जातो आणि पुढच्या युनिटांना बराच चढा दर लागतो. तुम्ही ६० युनिटच जाळले तरी हिशेब चढ्या दरानं होतो. वेगळा मीटर नसेल तर निदान सब-मीटर मागा. राहायला येण्याच्या दिवशीचं रीडिंग आणि युनिटचा ठरलेला दर करारात लिहून घ्या.

खोली शोधताना एजंटकडे शेवटी जा, त्याची दलाली बहुतेक वेळा एका महिन्याच्या भाड्याएवढी असते. कंपनीतले सहकारी, किराणा दुकानदार, तालमीतली पोरं, यांना रिकाम्या खोलीची खबर आधी लागते. आणि आत्ताच्या मालकांशी एकदा बोलून बघा: तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करतो, वाढ थोडी कमी घ्या. दरवर्षी नवा भाडेकरू शोधण्यात त्यांचीही एखाद-दुसऱ्या महिन्याची खोली रिकामी राहते.

प्रश्न : राजारामपुरीत खोली ठरली. भाडं ५,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००. मालक म्हणतात, ११ महिन्यांच्या कराराला रजिस्टर करावं लागत नाही, स्टँपवर नोटरी पुरते. हे खरं का?

उत्तर : नाही. हा समज इतका पसरला आहे की वकिलांच्या टेबलाजवळ बसणारेही तेच सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरतं राहायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत ११ महिने असो की ५ वर्षं. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. करार लेखी व नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हे मालकांना शांतपणे सांगा. नोंदणीत त्यांचंच हित आहे, हे बहुतेकांना पटतं.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर? ११ महिन्यांचं भाडं ५५,०००, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज २,७५०. बेरीज ५७,७५०, त्याचं शुल्क साधारण १४५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. ऑनलाइन नोंदणीचे हाताळणी शुल्क ३०० रुपये. म्हणजे दीड हजाराच्या आसपास, वर एजंटची फी. भाडं तेच धरून ३६ महिन्यांचा करार केला तर शुल्क पाचशेच्या आत राहतं आणि नोंदणी फी एकदाच जाते: तीन वर्षांना मिळून साधारण १,८००. दर ११ महिन्यांनी करार केला तर तेवढ्याच काळात चार-साडेचार हजार जातात. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, असं आधीच बोलून ठेवा.

ऑनलाइन नोंदणीत दोन्ही पक्षांचे आणि साक्षीदारांचे अंगठे आधारवरून पडताळले जातात. मालक पुण्यात असले तरी तिथून अंगठा देऊ शकतात. इथं एक फसगत वारंवार होते. एजंट छापील मसुदा हातात देतो, वर फोटो-बिटो असतात आणि लोक समजतात काम झालं. दुय्यम निबंधकांच्या मंजुरीनंतर दस्त क्रमांक पडतो आणि 'इंडेक्स २' (नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा) निघतो. तो हातात आल्याशिवाय एजंटची पूर्ण फी देऊ नका.

डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. खोली सोडताना किती दिवसांत परत मिळणार, त्यातून काय कापणार (रंग, थकलेलं वीजबिल), हे करारात हवं. 'डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही' असं मोबाइलवर फिरतं, ते २०२१ च्या केंद्राच्या नमुना कायद्यातलं आहे. महाराष्ट्रात तो लागू नाही, त्यावर विसंबू नका.

प्रश्न : मंगळवार पेठेत सहा वर्षं राहतो. कागद काहीच नाही, भाडं रोख देतो. मालकांनी आठवड्यात खोली सोडा म्हणून पाण्याचा नळ बंद केला आहे.

उत्तर : पुरेसं कारण नसताना भाडेकरूचं पाणी, वीज तोडता येत नाही (भाडे नियंत्रण कायदा, कलम २९). ते पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिवाणी न्यायालय देऊ शकतं. पोलीस 'दिवाणी बाब आहे' म्हणतील, तरीही लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. या महिन्याचं भाडं थांबवू नका. थकलेलं भाडं हेच मालकाच्या हातातलं सर्वांत सोपं कारण असतं. रोख घेत नसतील तर मनिऑर्डरनं पाठवा आणि 'नाकारली' असा शेरा आलेली पावती जपा. त्या पत्त्यावरचं रेशन कार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, गॅसचं पुस्तक, सगळं गोळा करा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असणाऱ्यांना वकील मोफत मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अटही नाही. दूरध्वनी १५१००. मात्र ज्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स आहे आणि मुदत संपली आहे, त्यांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. मुदतीनंतर अडून बसलं तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम वसूल होऊ शकते (कलम २४).

प्रश्न : मुलगी चंदगडहून कोल्हापूरला बी.एस्सी.ला येते आहे. खोली परवडत नाही.

उत्तर : भाड्यासाठी रोख मदत मिळते ती विद्यार्थ्यांनाच. आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा, कारण प्रवेश न मिळालेल्यांनाच पुढची योजना लागू होते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे: कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये, त्यातले १२,००० निवासासाठी. अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. रक्कम खात्यात यायला उशीर होतो. पहिल्या तीन-चार महिन्यांची सोय वेगळी करा. खातं आधारशी जोडलेलं हवं, हजेरी सांभाळायला हवी.

आणि बोर्डिंग विसरू नका. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी इथं वसतिगृहं उभी करायला बळ दिलं, ते नेमकं याच अडचणीसाठी. दसरा चौकाच्या परिसरात त्यांतली काही बोर्डिंगं आहेत. मुलींची सोय कुठं आहे, ते प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन विचारा. जागा थोड्या असतात, म्हणून बारावीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.