म्युनिक ते सिंगापूर: स्वस्त तिकिटाचा खरा हिशोब

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. म्युनिकला राहणारं चौघांचं कुटुंब, मुलं सहा आणि नऊ वर्षांची, नाताळच्या सुट्टीत सिंगापूरला ताईकडे जायचंय. आखाती कंपनीचं दोहामार्गे एकच तिकीट जाऊन-येऊन माणशी 710 युरो. दुसरा पर्याय म्हणजे म्युनिक-अथेन्सचं वेगळं तिकीट 110 युरोंना आणि तिथून पुढे सिंगापूरच्या स्कूट या बजेट कंपनीचं 430 युरोंना. चौघांचे मिळून 680 युरो वाचतात, म्हणून यजमानांचा आग्रह दुसऱ्या पर्यायाचा. तुमचं मन मात्र कचरतंय.

ते बरोबरच कचरतंय. तुम्ही पाठवलेले आकडेच घेऊ. पहिल्या तिकिटात प्रत्येकाला 25 किलो सामान आणि जेवण धरलेलं आहे. दुसऱ्यात नाही. ताईकडे चार माणसं निघाली की फराळ, मसाले, कपडे धरून तीन मोठ्या बॅगा होणारच. त्यांचे लांबच्या टप्प्याला जाऊन-येऊन 360 युरो आणि अथेन्सपर्यंतच्या टप्प्याला 210. अकरा तासांच्या आसपासच्या प्रवासात मुलांना उपाशी ठेवता येत नाही, म्हणजे जेवणाचे 96. इथेच 666 झाले. वाचले चौदा युरो.

आणि अजून अथेन्सचा मुक्काम धरलेलाच नाही. तुमच्या वेळापत्रकात तिथे अडीच तास मिळतात. दोन वेगळी तिकिटं म्हणजे बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, पुन्हा रांगेत उभं राहून दुसऱ्या काउंटरवर द्यायच्या. डिसेंबरात म्युनिकला बर्फ पडून विमान तीन तास लांबलं, तर पुढचं विमान तुमची वाट पाहणार नाही. त्या कंपनीच्या लेखी तुम्ही उशिरा आलेले प्रवासी, आणि चार नवी तिकिटं ऐन सुट्टीच्या भावाने घ्यावी लागतील. म्हणून आदल्या संध्याकाळीच अथेन्सला पोचायला हवं, त्या खोलीचे 100 युरो धरा. आता स्वस्त पर्याय 86 युरोंनी महाग झाला.

युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम इथे फार कामाचा आहे. संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो आणि 3500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने मोठा उशीर झाला तर माणशी 600 युरोंपर्यंत भरपाई मिळते. एकाच तिकिटावर म्युनिक-दोहा-सिंगापूर असेल तर सिंगापूरला पोचायला किती उशीर झाला ते मोजलं जातं. तिकिटं दोन असतील तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा, मधली चुकामूक तुमच्या खात्यावर. परतीच्या लांबच्या टप्प्याला मात्र दोन्ही पर्यायांत हा नियम लागू नाही, कारण दोन्ही लांबच्या कंपन्या संघाबाहेरच्या आहेत.

लोक विचारतात, युरोपातल्या युरोपात चाळीस युरोंत विमान मिळतं, मग लांब पल्ल्यावर तसं का होत नाही? छोट्या टप्प्यांवर बजेट कंपनी विमान जमिनीवर फार वेळ उभं ठेवत नाही आणि दिवसाला जास्त फेऱ्या मारून पैसे वाचवते. अकरा तासांच्या उड्डाणात ही युक्ती फारशी चालत नाही आणि इंधनाचा खर्च सगळ्यांना सारखाच. मलेशियाच्या एअरएशिया एक्स या बजेट कंपनीने लंडन आणि पॅरिसची सेवा 2012 मध्ये बंद केली. आइसलँडच्या वॉव एअरने डिसेंबर 2018 मध्ये दिल्लीला विमान सुरू केलं आणि मार्च 2019 मध्ये कंपनीच बंद पडली. नॉर्वेच्या नॉर्वेजियन या बजेट कंपनीने जानेवारी 2021 मध्ये लांब पल्ला सोडला. स्कूटच्या पाठीशी सिंगापूर एअरलाइन्स आहे, त्यामुळे तिची तशी भीती मला वाटत नाही. तरी तिकीट क्रेडिट कार्डावरच घ्या.

तेव्हा चौघांसाठी एकच तिकीट घ्या, हे मी ठामपणे सांगतो. यजमान मार्चमध्ये कामासाठी एकटेच जाणार आहेत असं तुम्ही शेवटी लिहिलंय. हातातली एक बॅग, मध्ये अथेन्सला एक रात्र, मुलं सोबत नाहीत. त्यांनी बेलाशक स्कूटने जावं, त्यांचे खरेच पैसे वाचतील.

आणि शाळा सुटण्याच्या दोन दिवस आधी निघालो तर भाडं कमी पडेल, हा विचार सोडून द्या. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, परवानगीशिवाय शाळा बुडवून मुलांना नेलं तर दंड होऊ शकतो, आणि तिथल्या विमानतळावर पोलिसांनी अशी कुटुंबं अडवलेलीही आहेत. त्यापेक्षा परतीचा दिवस सुट्टीच्या आतच एक-दोन दिवस मागेपुढे करून भाडं बघा.