टॉक्सिक ऑर्ब देऊनही ग्लायस्कॉर तीन टर्नमध्ये आडवा का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोकेमॉनच्या स्कार्लेट-व्हायोलेट या गेममध्ये सगळे देतात म्हणून तुम्ही ग्लायस्कॉर या पोकेमॉनला टॉक्सिक ऑर्ब (धरणाऱ्यालाच विष चढवणारा आयटम) दिला, सब्स्टिट्यूट (स्वतःचा एचपी, म्हणजे जीव, खर्चून घाव झेलणारा बाहुला उभा करणं; पुढे याला नुसतं सब म्हणतो), प्रोटेक्ट (त्या टर्नचा घाव अडवणं), टॉक्सिक (समोरच्याला वाढत जाणारं विष) आणि अर्थक्वेक या चार मूव्ह शिकवल्या, तरी समोरच्याचं काही बिघडत नाही आणि तुमचाच पोकेमॉन दोन-तीन टर्नमध्ये मरतो. चुकतंय कुठे?

सर्वात आधी त्याची अ‍ॅबिलिटी (पोकेमॉनचा अंगचा गुण) उघडून बघा. हसू नका, हे मी दोघांच्या बाबतीत पाहिलंय. ग्लायस्कॉरच्या साध्या अ‍ॅबिलिटी दोन, हायपर कटर आणि सँड व्हेल. पॉयझन हील ही तिसरी, हिडन अ‍ॅबिलिटी आहे. ती नसेल तर टॉक्सिक ऑर्ब म्हणजे स्वतःच्या हाताने विष पिणं. पहिल्यांदा एकूण एचपीच्या सोळाव्या हिश्शाएवढं नुकसान, मग दोन सोळांश, मग तीन, असं वाढत जातं. पॉयझन हील असेल तर तेच विष दर टर्नच्या शेवटी एक अष्टमांश एचपी परत देतं. हिडन अ‍ॅबिलिटीसाठी अ‍ॅबिलिटी पॅच लागतो. अ‍ॅबिलिटी कॅप्सूलने फक्त साध्या दोघींची अदलाबदल होते.

अ‍ॅबिलिटी बरोबर आहे असं धरून पुढे लिहितो. मग तुमचं चुकतंय ते विष चढण्याच्या टर्नला. हातात ऑर्ब आहे पण विष अजून चढलेलं नाही, तेवढ्या काळात ग्लायस्कॉर एक साधा, आइस टाईपला चौपट घाबरणारा पोकेमॉन असतो. सगळा खेळ ती एक टर्न फुकटात कशी मिळवायची याचा आहे.

ऑर्ब टर्नच्या शेवटी काम करतो. म्हणून ग्लायस्कॉर कसा आत आला यावर सगळं ठरतं. तुम्ही टर्नच्या सुरुवातीला दुसऱ्याला काढून त्याला आत घेतलं, तर समोरच्याचा एक घाव खाऊन त्याच टर्नच्या शेवटी विष चढतं, पुढच्या टर्नला प्रोटेक्ट वाया घालवायची गरज नाही. पण आधीचा पोकेमॉन मेला म्हणून हा आला असेल, किंवा सामन्याची सुरुवातच याने केली असेल, तर विष अजून चढलेलं नसतं. तिथे पहिल्या टर्नला प्रोटेक्ट, बहुतेक वेळा डोळे झाकून. नवीन खेळाडू नेमकं उलटं करतात. स्विच करून आणल्यावर प्रोटेक्ट करतात, आणि कोणी मेल्यावर आणला की घाईघाईने सब्स्टिट्यूट टाकतात.

त्या टर्नला खरी भीती नॉक ऑफची, म्हणजे हातातला आयटम पाडणाऱ्या मूव्हची. विष चढायच्या आधी ऑर्ब पडला की हातात काहीच उरत नाही. विष चढल्यावर मात्र तोच नॉक ऑफ खुशाल खा, कारण ऑर्बचं काम झालेलं असतं आणि आयटम गेल्यावर पुढच्या नॉक ऑफचा दीडपट जोरही जातो. आत आणायचं ते समोरून थंडरबोल्ट किंवा अर्थक्वेक येणार असं दिसत असताना. ग्राउंड आणि फ्लाइंग हे दोन टाईप एकत्र असल्याने दोन्हींचं नुकसान शून्य. फाइटिंग आणि बगच्या मूव्हही अर्ध्याच लागतात. एकदा विष चढलं की दुसरा कुठलाच स्टेटस लागत नाही, म्हणजे झोपवणारी स्पोर टाकायला आलेल्या अमूंगसला किंवा भाजणारी विल-ओ-विस्प टाकणाऱ्याला तो हसत सामोरा जातो. आत येताना लागणाऱ्या स्टेल्थ रॉकच्या दगडांचा एक अष्टमांश फटका तर एका टर्नच्या हीलमध्ये भरून निघतो.

आता हिशेब. हा मला मनापासून आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. लेव्हल 100 ला, एचपीत पूर्ण 252 ईव्ही (सरावाने मिळणारे पॉइंट) टाकले की ग्लायस्कॉरचा एचपी 354 होतो. सब्स्टिट्यूटला चौथा हिस्सा जातो, म्हणजे 88. पॉयझन हील दर टर्नला 44 देतं. एका टर्नला सब, दुसऱ्या टर्नला प्रोटेक्ट: गेले 88, आले 44 अधिक 44. बाकी शून्य. समोरच्याने दर दोन टर्नला तुमचा सब फोडला तरी तुम्ही जागच्या जागी आहात, आणि त्याला टॉक्सिक लागलेलं असेल तर तो मात्र दर टर्नला जास्त झिजतोय.

पण तुम्ही रँक्ड बॅटल खेळत असाल तर तिथे सगळे लेव्हल 50 चे होतात, आणि 252 ईव्हीला एचपी येतो 182. सब 45 चा, हील 22 चं. दोन टर्नमध्ये 44 परत येतात, म्हणजे दर फेरीला एक पॉइंट खिशातून जातो. एका पॉइंटने काय होतं असं वाटेल, पण लांबलेल्या सामन्यात शेवटचा सब टाकायला नेमका तेवढाच कमी पडल्याचं मी भोगलंय. एचपीत 228 ईव्ही ठेवा. एचपी 179 होतो, सब 44 चा, हील 22 चं, हिशेब पुन्हा चोख. वर 24 ईव्ही दुसरीकडे टाकायला मोकळे.

ते मी स्पीडला देतो. ग्लायस्कॉरचा बेस स्पीड (जातीचा मूळ वेग) 95 आहे, आणि सब-प्रोटेक्टचा खेळ आधी मारणाऱ्यालाच जमतो. जॉली नेचर (स्पीड वाढवणारा स्वभाव) आणि स्पीडमध्ये 172 ईव्ही टाकले की लेव्हल 50 ला स्पीड 150 होतो. पूर्ण स्पीडचा घोल्डेंगो 149 वर थांबतो. त्याच्याकडे वेग वाढवणारा चॉइस स्कार्फ नसेल तर तुमचा अर्थक्वेक आधी पडतो. एअर बलून धरून आला तर अर्थक्वेक लागतच नाही, ते बघून घ्या. उरलेले 108 डिफेन्स नाहीतर स्पेशल डिफेन्समध्ये, टीमला ज्याची गरज असेल तिथे.

प्रोटेक्ट सलग दोनदा टाकू नका. दुसऱ्यांदा ती चालण्याची शक्यता एक तृतीयांशच असते. घाबरलेला माणूस नेमका तेच करतो.

"समोरच्याचं काही बिघडत नाही" या तक्रारीचं उत्तर बहुतेक समोर कोण उभा आहे यात मिळेल. स्टील आणि पॉयझन टाईपला टॉक्सिक लागत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना अर्थक्वेक झोंबतो, म्हणून ती मूव्ह ठेवलेली असते. पण कॉर्व्हिनाइट आणि स्कार्मोरी स्टीलही आहेत आणि फ्लाइंगही, त्यांना तुमच्या दोन्ही मूव्ह शून्य. समोरच्याला हाकलून देणारी स्कार्मोरीची व्हर्लविंड तर सब आणि प्रोटेक्ट दोन्हींतून आरपार येते. अशा वेळी सब टाकत बसणं म्हणजे त्याला फुकट टर्न वाटणं. लगेच बदला. क्लेफेबलची मॅजिक गार्ड असेल तर टॉक्सिक लागूनही काही होत नाही. ब्लिसीची नॅचरल क्युअर असेल तर ती बाहेर जाताना बरी होऊनच जाते.

पोकेमॉन बाहेर जाऊन परत आला की टॉक्सिकची वाढत जाणारी मोजणी पहिल्यापासून सुरू होते, हेही लक्षात असू द्या. म्हणूनच सहा विरुद्ध सहाच्या सामन्यात मी सब काढून स्पाइक्स (समोरच्याच्या जमिनीवर काटे पसरणारी मूव्ह) ठेवतो. जमिनीवरचा पोकेमॉन आत आला की एका थराला एक अष्टमांश, तीन थरांना एक चतुर्थांश एचपी जातो. बदलत राहाल तर स्पाइक्स खा, थांबाल तर टॉक्सिक खा. सहातून तीनच निवडायच्या रँक्ड सिंगल्समध्ये मात्र समोरच्याकडे बदलायला माणसंच कमी असतात, तिथे तुमचा सब बरोबर आहे.

ज्यांच्यासमोर थांबायचंच नाही असे काही जण. उर्शिफूची अनसीन फिस्ट प्रोटेक्टमधून मारते, आणि पाण्याच्या उर्शिफूची सर्जिंग स्ट्राइक्स तीनदा लागते. पहिला घाव सबला, उरलेले तुम्हाला, तेही दुप्पट. क्लॉइस्टरच्या आयसिकल स्पिअरचं गणित तसंच, फक्त चौपट. इन्फिल्ट्रेटरवाला ड्रॅगापल्ट सबकडे बघतसुद्धा नाही. प्रायमरिनाच्या आवाजाच्या मूव्ह सबमधून आरपार जातात. टॉन्ट (फक्त हल्ल्याच्याच मूव्ह करू देणारी) लागली की टॉक्सिक, सब, प्रोटेक्ट तिन्ही बंद आणि हातात एकटा अर्थक्वेक.

चौपट आइसवर टेराचा, म्हणजे सामन्यात टाईप बदलण्याचा, उतारा आहे. टेरा वॉटर केलं की आइस अर्धा लागतो. पण ग्राउंड आणि फ्लाइंग दोन्ही गेल्यामुळे इलेक्ट्रिक आता दुप्पट लागतं आणि अर्थक्वेकही लागायला लागतो, हे त्या घाईत विसरायला होतं. टेरा स्टील करायचं असेल तर विष चढल्यावरच करा. आधी केलंत तर ऑर्बचं विषच चढणार नाही.

बाकी टीमबद्दल एकच सांगतो, कारण तो मूर्खपणा मी स्वतः केला आहे. एक्स-वायच्या काळात माझ्या टीमला ग्लायस्कॉर आणि हील बेलवाली ब्लिसी एकत्र होते. ग्लायस्कॉरचा ऑर्ब नॉक ऑफने कधीच पडला होता, पण विष चढलेलं असल्याने मी निर्धास्त होतो. मध्येच दुसऱ्या एका पोकेमॉनला पॅरालिसिस झाला, म्हणून ब्लिसीला आत घेऊन हील बेल वाजवली. सगळी टीम बरी झाली. ग्लायस्कॉरसकट. ऑर्ब नाही, विष नाही, हील नाही. पुढच्या वेळी आत आला तेव्हा मी नेहमीच्या सवयीने सब टाकत राहिलो आणि एचपी परत का येत नाही हे कळायला मला तीन टर्न लागल्या.

आणि क्युरेम. त्याचाही बेस स्पीड नेमका 95. तुम्ही दोघांनी पूर्ण स्पीड टाकला असेल तर आधी कोण मारणार हे नाणेफेकीवर, आणि मी सांगितलेले 172 ईव्ही असतील तर पूर्ण स्पीडवाला क्युरेम नक्कीच आधी मारतो. तो समोर आला की मी सब-बिब काही बघत नाही, सरळ दुसऱ्याला आत घेतो.