डुगडुगते की खिळखिळी झाली आहे?

प्रश्न असा आहे: ओशिवऱ्याच्या बाजारातल्या सहा सागवानी जेवणाच्या खुर्च्यांच्या जाहिरातीत ‘मिड-सेंच्युरी (म्हणजे १९५०-६०च्या घडणीच्या), किंचित डुगडुगतात’ असं लिहिलंय. डुगडुगणारी खुर्ची म्हणजेच खिळखिळी खुर्ची का?

नाही, आणि हा फरक विकत घेणाऱ्याने धरून ठेवावा असा आहे. डुगडुगते ती खुर्ची, जिच्या चार पायांची टोकं एका पातळीत नाहीत. तिरके समोरासमोरचे दोन पाय टेकतात आणि उरलेल्या दोघांपैकी एक आळीपाळीने उचलला जातो. खिळखिळी ती, जिचे सांधे सैल झालेत. तिवईचं उदाहरण घ्या. तीन टोकं कुठल्याही जमिनीवर टेकतातच, म्हणून तिवई कधी डुगडुगत नाही. खिळखिळी मात्र खुशाल होते. व्याकरणही तेच सांगतं. डुगडुगणं ही बसल्यावर घडणारी क्रिया आहे, खिळखिळी ही होऊन बसलेली अवस्था. म्हणून व्यवस्था ‘खिळखिळी झाली’ असं आपण म्हणतो, ती डुगडुगत नाही. (‘डळमळीत’ हा तिसरा शब्द मंत्र्यांच्या खुर्चीला लागतो, लाकडाच्या क्वचितच.)

ओळखायचं कसं? खुर्ची जागेवरच पाव फेरा फिरवा. डुगडुग थांबली किंवा दुसऱ्याच पायांवर गेली तर दोष फरशीचा. जुन्या चाळींतल्या शहाबादी फरशीवर हे हमखास होतं. त्याच पायांवर राहिली तर दोष खुर्चीचा. मग एका गुडघ्याने बैठक दाबून धरा आणि पाठ पुढे-मागे हलवा. करकर ऐकू आली, किंवा मागचा पाय आणि बाजूची आडवी पट्टी यांच्यामधली फट उघडमीट करताना दिसली, की खुर्ची खिळखिळी. आधी तोच सांधा जातो, कारण जेवण झाल्यावर माणसं मागच्या दोन पायांवर रेलतात. १९५०-६०च्या घडणीत पाय निमुळते, पट्ट्या सडपातळ आणि पायांना जोडणारे खालचे आडवे दांडे बहुधा नसतातच, त्यामुळे सगळा ताण त्या एका कुसवावर (पट्टीचं पायाच्या खाचेत बसणारं टोक) किंवा लाकडी खुंट्यांवर येतो. त्यात पावसाळ्यात कुसू फुगून खाचेत चेपतं आणि कोरड्या दिवसांत आकसून ढिलं पडतं. जुलैत घट्ट वाटलेली खुर्ची जानेवारीत पुन्हा तपासावी.

गफलत इथे होते: सांधे सैल झाले की चौकट पिळते आणि खिळखिळी खुर्ची डुगडुगायलाही लागते. ‘डुगडुगते’ एवढंच ऐकून सुतार लांब वाटणारा पाय कापतो. पुढे सांधे नीट चिकटवून चौकट सरळ झाली, की तोच पाय आखूड पडतो. म्हणून आधी सांधे, मग पाय. बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. टेबल ७५चं असेल तर कापाकापीला फारशी जागा नाही. एक-दोन मिलिमीटरच्या फरकाला पायाखाली फेल्टची चकती पुरते.

सांध्यांचं काम असं. तुकड्यांना खुणा करून रबरी हातोडीने खुर्ची सुटी करा. जुना सरस गरम पाण्याने मऊ होतो, तो खरवडून कोरं लाकूड काढा, कारण वाळलेल्या जुन्या थरावर फेविकॉल धरत नाही. कुसू घासून बारीक करू नका. फट असेल तर त्याला लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून जाडी वाढवा. पांढरा गोंद फट भरून काढत नाही. मग शिकंजा (क्लॅम्प) लावा, किंवा सुतळीचा वेढा काठीने पिळून आवळा. बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. पुढे रुंद, मागे अरुंद असली तरी ते सारखेच यायला हवेत. खुर्ची सपाट जागेवर चारही पायांवर उभी ठेवून २४ तास वाळू द्या.

‘खिळखिळी’चं नातं खिळ्याशी जोडायचा मोह होतो, म्हणून हेही सांगतो: अशा खुर्चीला खिळा ठोकू नका. कुसू चिरतं, आणि पुढे सांधा सोडवताना तोच खिळा लाकूड फाडतो.

वेताची बैठक खाली गेली असेल तर त्याला मराठीत ‘झोळ पडणे’ आहेच. वेत तुटला नसेल तर खालून गरम पाण्याचं फडकं फिरवून सावलीत वाळवा, तो पुष्कळसा ताणला जातो.

तर विक्रेत्याला विचारा: सांधे ढिले आहेत, की नुसता पाय आखूड आहे? सहापैकी कितींचे? सांधे ढिले असतील तर सहाही खुर्च्या उकलून चिकटवायची मजुरी भावातून वजा करून मागा.