जास्त व्याज देणारं आणि कमी अटी असलेलं बचत खातं कुठल्या बँकेत उघडावं?

तुम्ही लिहिलंय की पगार दुसऱ्या खात्यात येतो, हे पंचेचाळीस हजार अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायचेत, आणि त्यावर जास्तीत जास्त व्याज हवंय, अटी कमीत कमी. माझं म्हणणं सरळ आहे. व्याज बघू नका, अटी बघा. एवढ्या शिल्लकेत दरामुळे तुमचं काही बनत-बिघडत नाही.

हिशोबच करा. ४५ हजारांवर अडीच टक्क्यांनी वर्षाचे ११२५ रुपये होतात, चार टक्क्यांनी १८००. फरक पावणेसातशेचा. आणि किमान शिल्लक राहिली नाही म्हणून माझ्या आईच्या खात्यातून एकाच तिमाहीत ७०८ रुपये कापले गेले होते. ६०० दंड, त्यावर १८ टक्के जीएसटी. पुढच्या तिमाहीत परत ७०८.

हे २०१८ सालचं. आई घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिचं खातं वर्षानुवर्षं एका सरकारी बँकेत होतं. महिन्यातून एकदा जायची, पासबुक छापून आणायची आणि घरी येऊन ते आपल्या वहीशी ताडून बघायची. दादाला कुणीतरी सांगितलं की अमुक खाजगी बँक बचत खात्यावर सहा टक्के देते. तो घरी येऊन म्हणाला, "आई, तुझे पैसे तिथे कुजतायत." एका रविवारी त्या बँकेचा माणूस घरी आला, चार ठिकाणी सह्या घेतल्या, खातं उघडलं. जुनं खातं दादाने बंद करायला लावलं. मी तेव्हाच विचारलं होतं की अटी काय आहेत. दादा म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस."

सहा टक्के खरे होते, पण एक लाखाच्या वरच्या शिल्लकेला. लाखाच्या आत चार टक्के. आईकडे होते बावीस हजार. जुन्या बँकेत साडेतीन मिळत होते, म्हणजे वाढ अर्ध्या टक्क्याची, वर्षाला ११० रुपयांची. एवढ्यासाठी तिची वीस वर्षांची बँक सुटली. हे टप्पे वाचायला दादाला पाच मिनिटं लागली नसती.

त्या पावसाळ्यात स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलावे लागले. आईने अठरा हजार काढले. त्यानंतर शिल्लक कधी तीन हजार, कधी पाच-सहा. अट होती सरासरी दहा हजारांची. सरासरी म्हणजे रोज दिवसअखेर खात्यात जे असेल त्याची बेरीज, भागिले दिवस. तीस दिवसांच्या महिन्यात रोज दहा हजार ठेवा नाहीतर तीन दिवस एक-एक लाख ठेवा, बँकेला दोन्ही सारखंच. ज्याच्याकडे पैसा येतो-जातो त्याला ही अट सहज झेपते, हातावर पोट असलेल्याला नाही.

आईला महिनोन् महिने काही कळलंच नाही, कारण त्या खात्याला पासबुक नव्हतं. स्टेटमेंट ईमेलवर यायचं, ईमेल दादाचा. डिसेंबर उलटल्यावर तिने मला वही दाखवली, म्हणाली, "यात चौदाशे सोळा कमी लागतायत, माझीच बेरीज चुकली असेल." तीन रात्री ती बेरीज करत बसली होती. आपल्या खात्यातून बँकच पैसे काढून घेऊ शकते, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी शाखेत गेले ती भांडायच्या तयारीने. रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे: शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी कळवायचं, भरून काढायला किमान महिनाभर द्यायचा, आणि मगच दंड लावायचा. दंडही तुटीच्या प्रमाणात हवा आणि केवळ दंडामुळे खातं उणे जाता कामा नये. परिपत्रक छापून नेलं होतं. समोरच्या मुलीने शांतपणे संगणक माझ्याकडे वळवला. दोन्ही वेळा संदेश गेले होते, तारखेसकट. नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर. नंबर दादाचा. त्याने बँकेचे संदेश न वाचता पुसून टाकले होते. मला तिथे बोलायला काही उरलं नाही.

दादाचं उत्तर आजही तेच असतं: चौदाशे रुपयांसाठी एवढं काय. आई तेव्हा एका साडीमागे सत्तर रुपये घ्यायची. चौदाशे म्हणजे वीस साड्या. हाताने फॉल लावायला तिला पाऊण तास लागायचा, म्हणजे पंधरा तास मान खाली घालून बसणं. त्याने आईचं भलंच चिंतलं होतं, हे मला मान्य आहे. पण ज्याचे पैसे त्याला न विचारता "जास्त परतावा" आणून देणारी माणसं दंडाच्या वेळी कुठे असतात, हा माझा प्रश्न आहे, आणि तो फक्त दादाला नाही.

मग आईला परत जुन्या बँकेत नेलं आणि बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट मागितलं. रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून प्रत्येक बँकेला हे खातं द्यायला लावलंय. किमान शिल्लक शून्य, एटीएम कार्डाला पैसे नाहीत, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, ते जनधनवाल्यांसाठी असतं. नाही. ते कुणालाही मिळतं. मग त्यांनी पन्नास हजारांची मर्यादा असलेल्या "छोट्या खात्या"चा अर्ज पुढे केला. ते वेगळं, ज्यांच्याकडे पूर्ण कागदपत्रं नसतात त्यांच्यासाठी. अर्धा तास उभं राहून खातं उघडून घेतलं. एक लक्षात ठेवा, हे खातं घेतलं की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

आता तुमचं. स्टेट बँकेने किमान शिल्लकेची अट मार्च २०२० मध्येच काढली. जून-जुलै २०२५ मध्ये कॅनरा आणि पंजाब नॅशनलनेही दंड बंद केला. स्टेट बँकेचा दर जून २०२५ पासून अडीच टक्के आहे, म्हणजे कमीच. पण पंचेचाळीस हजारांसाठी मी डोळे मिटून अशाच खात्यात जाईन. पोस्टात चार टक्के आहेत आणि अट ५०० रुपयांची. मात्र पोस्ट व्याज मोजतं ते दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल त्यावर. बँकांना १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर मोजावं लागतं. अडीअडचणीला वीस तारखेला पैसे काढलेत तर पोस्टाचे चार टक्के तुमच्या हाती चार पडणार नाहीत. पैसे फारसे हलवायचे नसतील तर पोस्ट बरं.

स्मॉल फायनान्स बँकांचे मोठे आकडे दिसतील. त्या खऱ्या बँका आहेत, ठेव विमा (बँक बुडाली तर ठेव परत मिळण्याची हमी) तिथेही पाच लाखांपर्यंत आहे, घाबरू नका. पण पुष्कळ ठिकाणी तो आकडा लाखाच्या किंवा त्याहून वरच्या शिल्लकेचा असतो. लाखापर्यंतच्या शिल्लकेला एकाच बँकेने सगळ्यांना एकच दर द्यायचा, लाखाच्या वर टप्पे पाडायची मुभा, असा नियम बँकांना बचत खात्याचा दर स्वतः ठरवायची मोकळीक मिळाली तेव्हापासून, ऑक्टोबर २०११ पासून आहे. तुमचा टप्पा कुठला, तेवढं बघा. पतसंस्थेत मात्र हे पैसे ठेवू नका, कितीही ओळखीचा चेअरमन असो. तिथे हा विमा नाही.

हे सगळं तुमच्या पंचेचाळीस हजारांपुरतं. चार-पाच लाख पडून असतील तर दराला अर्थ आहे आणि माझं वरचं बोलणं सोडून द्या. तेव्हा मुदत ठेव किंवा शिल्लक आपोआप मुदत ठेवीत वळवणारं खातं बघा. आणि मोबाइलवर नुसत्या ओटीपीने खातं उघडलंत तर त्यात लाखापेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि वर्षाच्या आत पूर्ण केवायसी (ओळख आणि पत्त्याची पडताळणी) करावं लागतं. व्हिडिओ कॉलवर केवायसी करून घेतलंत तर हा प्रश्न येत नाही.

खातं आईवडिलांसाठी उघडत असाल तर अर्जात त्यांचाच नंबर लिहा. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो. आईने परवाच मला विचारलं, "हा मेसेज आलाय, व्याज जमा म्हणतोय, बरोबर आहे ना?" एकशे बेचाळीस रुपये होते. तिने वहीत आधीच मांडून ठेवले होते.