गोठ्यातले प्रश्न : डागलेल्या शिंगकळीची जखम

प्रश्न : शिंगं वाढू नयेत म्हणून बारा दिवसांच्या दोन करडांच्या शिंगकळ्या (शिंगांचे कोंब) गावातल्या एकाकडून तापल्या सळईनं डागून घेतल्या. आठवडा झाला. एकाची खपली धाकट्या पोरानं उचकटली, रक्त आलं. आता तिथं ओल दिसते, माशा बसतात. सासूबाई म्हणतात, "चुना लाव की गं, सुकंल." लावू का? पाऊसही तोंडावर आलाय.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, चुना नको. भाजलेल्या कातडीला तो आणखी भाजतो, आणि करडानं डोकं घासलं की डोळ्यात जातो. हळद-तेलही राहू द्या. तेलावर गोठ्यातला भुस्सा चिकटतो आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही.

खपली तीन ते सहा आठवड्यांत आपली आपण पडते. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही, पोराला तसं बजावून ठेवा. रक्त पुन्हा आलंच तर स्वच्छ कापूस पाच मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघू नका. ओल आहे तिथले केस कातरा, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं कड पुसा, कोरडी करा आणि पोव्हिडोन आयोडीन (जखमेचं जंतुनाशक) रोज एकदा पातळसं लावा. माशांचं औषध जखमेत मारायचं नाही. फडक्यावर घेऊन भोवतालच्या केसांना लावा, करडाचे डोळे तळहातानं झाका.

तुमच्या तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस लागला की गोठा वाळतच नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं! अशा दिवसांत माशीनं घातलेल्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या निघतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ बघा. घाण वास आला, करडू सारखं डोकं झटकू लागलं, तर अळ्या डॉक्टरांकडूनच काढून घ्या. टर्पेंटाईन ओता म्हणणारे शेजारी भेटतील. पण डोळा तिथून दोन बोटांवर असतो.

मला जास्त धास्ती धनुर्वाताची वाटते. शेळी गाभण असताना तिला धनुर्वाताची लस दिली होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिली नसेल तर आजच दवाखाना गाठा आणि अँटिटॉक्सिनबद्दल (धनुर्वाताच्या विषावर लगेच काम करणारं इंजेक्शन) विचारा. नुसत्या लशीचा गुण यायला दोनेक आठवडे जातात, आणि जखम तर झालेलीच आहे. दुखणं कमी करायचं इंजेक्शनही तिथंच मागा. माणसांच्या गोळ्या घरी देऊ नका.

आणखी एक. करडाची कवटी पातळ असते. सळई जास्त वेळ टेकली तर धग मेंदूपर्यंत जाते. करडू दूध पिईना, भिंतीला डोकं टेकून उभं राहिलं, पाय ताठ झाले, तर रात्र काढू नका. लगेच 1962 वर, म्हणजे जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर, फोन लावा.

प्रश्न : वर्षाचा बोकड मारका झालाय. शिंगं करवतीनं कापली तर चालतील?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : घरी मुळीच नको. मोठ्या शिंगाचा बुंधा आतून पोकळ असतो आणि ती पोकळी कपाळाच्या हाडातल्या पोकळीला मिळते. कापलं की डोक्याला भोक पडतं, ते भरायला कित्येक आठवडे लागतात आणि आत पू झाला तर नाकातून वाहतो. शिवाय बकरी ईदला शिंग मोडलेल्या बोकडाकडं गिऱ्हाईक सहसा वळत नाही. त्याला वेगळा बांधा. फार तर शिंगांची टोकं, तीही नुसती वरची, डॉक्टरांकडून बोथट करून घ्या.